पिकअपला मागे एअरबॅग बसवताना: उंची, भार आणि चासी

प्रश्न असा आहे: पिकअपला साधारण ३ टनांचा ट्रेलर जोडला आणि हौद्यात थोडा माल टाकला की मागची बाजू बसते, हेडलाइट वर बघायला लागतात आणि स्टिअरिंग हलकं वाटतं. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मदतीला एअरबॅग, म्हणजे हवा भरायच्या रबरी पिशव्या, बसवाव्यात का? बसवल्या तर कोणत्या, आणि हवा किती ठेवायची?

बसवायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट आधीच पक्की लक्षात घ्या: एअरबॅग मागची उंची परत आणते, वजन कमी करत नाही. मागच्या अॅक्सलवर जितके किलो होते तितकेच राहतात आणि पुढच्या अॅक्सलवरून जे उचलले गेले तेही परत येत नाहीत. बॅगांच्या खोक्यावर जोडीसाठी २,२७० किलो लिहिलेलं असतं, ती बॅगांची ताकद. त्यामुळे गाडीची भारक्षमता, अॅक्सलची मर्यादा किंवा ओढण्याची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, रिम, टायर आणि चासी आहेत तशीच राहतात. गाडी दिसायला सरळ झाली म्हणजे भार पेलला असं समजूनच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी वजनकाट्यावर जा. गाडी नेहमीच्या माणसांसह, टाकी भरून, हौद्यात नेहमीचा माल ठेवून पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोलून घ्या. मग ट्रेलर जोडून तेच पुन्हा करा. ही चार वजनं हातात आली की निम्मं उत्तर मिळतं.

नेमकं काय घडतं ते आकड्यांत बघू. बॉलवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) चालणाऱ्या ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन बॉलवर येतं. ३ टनांच्या ट्रेलरचे १० टक्के धरले तरी ३०० किलो. समजा गाडीच्या दोन अॅक्सलमधलं अंतर ३.२ मीटर आहे आणि बॉल मागच्या अॅक्सलच्या १.२ मीटर मागे आहे. हे ३०० किलो अॅक्सलच्या मागे लटकतात, त्यामुळे गाडी तरफेसारखी वागते. मागच्या अॅक्सलवर ३०० नव्हे तर सुमारे ४१२ किलो वाढतात आणि पुढच्यावरून ११२ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं होतं ते या ११२ किलोंमुळे. एअरबॅगेत कितीही हवा भरली तरी हे ११२ किलो पुढे जात नाहीत. ते काम वजन पुढे ढकलणाऱ्या हिचचं (ट्रेलर जोडायच्या यंत्रणेचं), म्हणजे ज्याला लांब स्प्रिंग-बार असतात त्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं.

मागच्या टायरचा लोड इंडेक्स (टायरवर छापलेला भाराचा आकडा) हाही इथेच तपासा. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५० आणि १२१ म्हणजे १,४५० किलो. तीही टायरमध्ये योग्य हवा असेल तरच. बॅगेत हवा भरून टायर मात्र रिकाम्या गाडीच्या दाबावर ठेवले, तर लांबच्या प्रवासात आधी तापतो तो टायर.

आता बॅगांचे प्रकार. मागे पाटे असतील तर चासी आणि अॅक्सल यांच्यामध्ये, बहुधा मूळ बंप स्टॉप (गाडी खाली आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) काढून त्याच जागी बसणाऱ्या बॅगा घ्यायच्या. फायरस्टोनच्या राइड-राइट आणि एअर लिफ्टच्या लोडलिफ्टर ५००० या त्यातल्या सर्वपरिचित. त्यांच्यातल्या हवेच्या दाबाची कमाल मर्यादा बहुतेक १०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि किमान ५. मागे कॉइल स्प्रिंग असेल तर कॉइलच्या आत बसणारी छोटी लांबट बॅग येते. तिची मर्यादा फार कमी, साधारण ३५ पीएसआय असते, आणि तिला पाट्यांच्या बॅगेसारखं भरलं तर ती फुटते. दाबाचा आकडा नेहमी आपल्या किटच्या कागदावरून घ्या, दुसऱ्याच्या गाडीवरून नको. काही बॅगांच्या आत रबरी ठोकळा असतो. हवा गेली तरी गाडी त्या ठोकळ्यावर टेकते आणि बॅग चिरडत नाही. मूळ बंप स्टॉप काढावा लागत असेल तर असाच प्रकार निवडा, जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

मात्र भार रोज तोच असेल, म्हणजे हौद्यात कायमची अवजारांची पेटी किंवा कॅनोपी (हौद्यावरचं छत) असेल, तर एअरबॅग हा योग्य उपाय नाही. तिथे पाट्यांचा संच जड भारासाठीचा घ्यावा किंवा एक पाटा वाढवावा. हवा भरायची, तपासायची कटकट नाही आणि भार चासीवर मूळ ठिकाणीच जातो. एअरबॅगेचा खरा फायदा भार बदलता असतो तेव्हा: आज रिकामी, उद्या ट्रेलर. टिंब्रेन किंवा सुमोस्प्रिंग्ससारखे, हवा भरावी न लागणारे ठोकळे या दोन्हींच्या मधले. गळती नाही, पण कमीजास्त करता येत नाहीत. आणि पाटे जुने होऊन बसले असतील, एखादा तुटला असेल, तर आधी ते बदला. बसलेल्या पाट्यांवर बॅग लावली की दोष झाकला जातो आणि मुख्य पाटा तुटला तरी कळत नाही.

चासीबद्दल सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण डबल कॅब पिकअपची चासी मागच्या अॅक्सलच्या आसपास वाकण्याचे प्रकार याच जोडणीत होतात. पाट्यांचा संच चासीला दोन ठिकाणी धरतो: अॅक्सलच्या पुढे हँगरला आणि मागे शॅकलला (पाट्याचं टोक धरणारी हलती कडी). भार दोन जागी वाटला जातो, आणि मागची जागा बॉलच्या जवळ असल्याने लटकणाऱ्या वजनाला तिथेच आधार मिळतो. बॅग मात्र बरोबर अॅक्सलच्या वर, एकाच जागी ढकलते. वरचंच उदाहरण घ्या आणि पाट्याची लांबी १.३ मीटर धरा. वाढलेले ४१२ किलो पूर्ण पाट्यांनी पेलले तर अॅक्सलच्या वर चासीत वाकवणारा जोर सुमारे २२६ किलोग्रॅम-मीटर येतो. सर्वात जास्त जोर पुढच्या हँगरपाशी, सुमारे २८७. तेच ४१२ किलो पूर्ण बॅगांनी उचलले तर अॅक्सलच्या वर ३६० होतात. म्हणजे त्याच जागी जवळजवळ ६० टक्के वाढ, तीही जिथे चासी अॅक्सलवरून जाण्यासाठी कमानीसारखी वर वळलेली असते तिथे. हे गाडी उभी असतानाचे आकडे झाले. खड्ड्यात आपटली की क्षणभर हाच जोर कितीतरी पट होतो. त्यात लांब डबल कॅब, मागे लोंबणारा हौदा, हौद्याच्या मागच्या टोकाला ठेवलेलं जड सामान आणि ८० पीएसआयच्या बॅगा, असं सगळं एकत्र आलं की चासीत कायमचा बाक येतो. कॅब आणि हौद्यामधली फट वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा उलटी, दिसायला लागली तर हाच संशय घ्या.

यावरून वापराचा नियम निघतो: बॅगेने सगळा भार उचलायचा नाही, पाट्यांना त्यांचा वाटा पेलू द्यायचा. भाराने मागची बाजू ९० मिमी बसली असेल तर ४५ ते ६० मिमी परत उचला, पूर्ण ९० नाही. बहुतेक पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंचच असते, त्यामुळे थोडी बसलेली गाडी प्रत्यक्षात सरळच असते. आणि जड सामान हौद्यात पुढे, कॅबला चिकटवून ठेवा. हा बदल फुकट आहे आणि कुठल्याही किटपेक्षा जास्त उपयोगी.

हवा किती, याचा हिशोब. १०० पीएसआयला जोडी २,२७० किलो पेलते, म्हणजे एका बॅगेचं परिणामी क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस सेंटीमीटर आणि जोडीचा १ पीएसआय म्हणजे साधारण २२ ते २३ किलो. हे फक्त बॅग तिच्या ठरलेल्या उंचीवर असताना. बॅग दबली किंवा ताणली की क्षेत्रफळ बदलतं, म्हणून शेवटी मापाची फीत लावूनच ठरवायचं. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. माल भरा, पुन्हा मोजा. मग २० पीएसआयपासून सुरुवात करून ५-५ ने वाढवा. प्रत्येक वेळी गाडी दोन-चार मीटर पुढेमागे हलवून पाटे मोकळे होऊ द्या, नाहीतर शॅकल अडकून फीत खोटं सांगते. रिकाम्या गाडीत २० भरली आणि मग माल टाकला तर गेज २० पेक्षा जास्त दाखवेल, कारण बॅग दबली. म्हणून दाब नेहमी भरलेल्या गाडीवर लिहून ठेवा: अमुक ट्रेलर, अमुक माल, इतके पीएसआय. दिसायला सोपी वाटणारी ही नोंद पुढच्या प्रत्येक फेरीला वेळ वाचवते.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असेल तर क्रमाला महत्त्व आहे. हौद्यातला माल बॅगेने सांभाळायचा, बॉलवरचा भार हिचने. आधी माल भरून, ट्रेलर न जोडता, बॅगेत त्या मालापुरतीच हवा भरा. मग ट्रेलर जोडा, पुढची उंची किती वाढली ते मोजा आणि स्प्रिंग-बार ताणून ती खाली आणा. किती खाली आणायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच आताच्या गाड्यांना वाढलेल्या उंचीच्या निम्मी परत आणायला सांगतात, म्हणजे पुढून ४० मिमी उचलली गेली असेल तर २० मिमी. काही पिकअपना ही हिच चालतच नाही, तेही तिथेच लिहिलेलं असतं. बार लावून झाल्यावर बॅगेत आणखी हवा भरू नका. मागची बाजू वर गेली की बार सैल पडतात आणि पुढे गेलेलं वजन पुन्हा मागे येतं. गाडी सरळ दिसते, पुढची चाकं मात्र हलकी झालेली असतात. उंचीच्या सेन्सरवर आपोआप हवा भरणारी यंत्रणा असेल तर बार लावताना ती बंद ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या विरुद्ध काम करतात.

ट्रेलर डावीउजवीकडे झोकांड्या खातो म्हणून बॅगा घेणारेही आहेत. त्याचं कारण बहुधा बॉलवर कमी भार, म्हणजे ट्रेलरमधला माल मागे. उलट बॅगा जास्त फुगवून बॉल वर गेला की ट्रेलरचं नाक वर होतं, बॉलवरचा भार आणखी घटतो आणि झोका वाढतो. आधी बॉल-माउंटची (बॉल धरणाऱ्या दांडीची) उंची अशी निवडा की भरलेल्या गाडीवर ट्रेलर जमिनीला समांतर राहील.

बसवताना. गाडी चासीवर स्टँड लावून उचला आणि अॅक्सलखाली जॅक ठेवा, म्हणजे अॅक्सल हवा तेवढा खाली-वर करता येईल. चाकं काढली तर हात पोचतो. बंप स्टॉप काढा, वरचा ब्रॅकेट चासीला आणि खालचा अॅक्सल किंवा पाट्यांच्या संचाला बसवा. काही किटमध्ये मूळ यू-बोल्ट सोडावे लागतात. एका वेळी एकच बाजू सोडा, दोन्ही सोडल्या तर अॅक्सल सरकतो. बॅगेचं वरचं आणि खालचं तोंड एका रेषेत हवं. तिरपी बसलेली बॅग घडीवर घासून लवकर फाटते. ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ब्रॅकेटखाली चेपत नाही ना, ते हाताने फिरवून बघा. भरलेल्या बॅगेभोवती सगळीकडून किमान १२ मिमी मोकळी जागा हवी, आणि सायलेन्सरपासून १५० मिमी. तेवढी मिळत नसेल तर किटमधला उष्णतारोधक पत्रा लावायचाच. चासीला वेल्डिंग करू नका, आणि कागदावर सांगितलं नसेल तर भोकही पाडू नका.

हवा गळण्याची कारणं बहुतेक नळीत असतात. पाव इंची नायलॉन नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. पक्कडीने कापली की तोंड चपटं होतं आणि फिटिंगमधली रबरी रिंग नीट धरत नाही. नळी फिटिंगमध्ये सुमारे १४ मिमी आत जायला हवी, थांबेपर्यंत ढकला आणि मग ओढून बघा. बॅगेतली फिटिंग हाताने घट्ट करून पुढे साधारण दीड फेरा. बहुतेकांवर सीलंट आधीच लावलेलं असतं, टेफ्लॉन टेपची गरज नाही. नळी सायलेन्सरपासून लांब न्या, कडांवर घासणार नाही अशी बांधा, पण झिप टाय इतका आवळू नका की नळी चिमटेल. सगळं झाल्यावर बॅगा फुगवून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि २४ तासांनी दाब पुन्हा बघा. एक बारकावा: बॅगेत हवा थोडीच असते, त्यामुळे नुसतं गेज लावलं तरी २ ते ४ पीएसआय कमी होतात. तेवढ्या फरकावरून गळती समजू नका, त्याहून जास्त गेली तर शोधा. बसवल्यानंतर सुमारे ८०० किलोमीटरनी सगळे बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा.

दोन्ही बॅगांची नळी एकाच व्हॉल्व्हला जोडू नये असं स्पष्ट मत आहे. वळणावर बाहेरच्या बॅगेवर दाब येतो, तिची हवा आतल्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. दोन वेगळ्या नळ्या आणि दोन वेगळे व्हॉल्व्ह लावले तर ही अडचण राहत नाही, शिवाय माल एका बाजूला जास्त असेल तर त्या बाजूला थोडी जास्त हवा भरता येते. गाडीतच कंप्रेसर बसवणार असाल तर रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. कंप्रेसर पाण्याच्या पातळीच्या वर आणि हवा परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह त्याच्या पुढे. महिन्यातून एक-दोनदाच भार येत असेल तर कंप्रेसरची गरज नाही, साधा हवेचा पंप पुरतो.

ब्रेककडे अनेकांचं लक्षच जात नाही. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते. मागची उंची कमी झाली की हा व्हॉल्व्ह समजतो की भार आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. बॅगेने उंची परत आणली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमजोर राहतात. गाडीखाली डोकावून अशी दांडी आहे का बघा. असेल तर ती नव्या उंचीला जुळवून घेण्याची पद्धत गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेप्रमाणे करून घ्या, अंदाजाने नट फिरवू नका. हेडलाइटची उंची आपोआप बदलणारा सेन्सर मागच्या अॅक्सलला असेल तर तोही तपासा.

शॉकअप जुने असतील तर बॅग लावल्यावर गाडी मागून उड्या मारते. स्प्रिंगची ताकद वाढली, तिला आवरणारा शॉकअप तोच राहिला. अशा वेळी हवा कमीजास्त करत बसण्यात अर्थ नाही, शॉकअप बदला.

रोजच्या वापरात दोन सवयी. ट्रेलर सोडताना आधी ट्रेलरच्या जॅकवर भार घ्या, मग बॅगेतली हवा कमी करा, मग कपलर (बॉलला धरणारं ट्रेलरचं तोंड) उचला. उलट केलं तर मागची बाजू उसळते आणि कपलर बॉलवर अडकतो. आणि माल उतरवला की दाब ५ ते १० पीएसआयवर आणा. भरलेल्या बॅगा घेऊन रिकामी गाडी चालवली तर मागची चाकं ओल्या रस्त्यावर नीट टेकत नाहीत. पण शून्यावर कधीही नको. हवा नसलेली बॅग घडीत चिमटते आणि तिथेच भोक पडतं. फुटलेल्या बॅगांमध्ये हे कारण वारंवार सापडतं. गाडी चासीखाली लिफ्ट लावून उचलण्याआधीही हवा किमान पातळीवर आणा, कारण अॅक्सल खाली लोंबतो आणि भरलेली बॅग ताणली जाते. डोंगराळ कच्च्या रस्त्यावर चाकं खूप खाली-वर होत असतील तर खालचं तोंड बोल्टने न धरता नुसतं टेकून ठेवणारी बैठक मिळते, ती घ्या.

तपासणीला वेळ लागत नाही. घड्यांमधली माती-खडी पाण्याने धुवा, रबरावर कडेने भेगा किंवा एका बाजूला चकाकी दिसते का बघा. चकाकी म्हणजे घासतंय. एकच बाजू वारंवार बसत असेल तर त्या बाजूची फिटिंग काढून नळीचं टोक १० मिमी कापून पुन्हा बसवा, बहुतेक गळती तिथेच थांबते. वरच्या ब्रॅकेटभोवती चासीवर रंग तडकलाय का, गंजाची बारीक रेघ दिसते का, हे दर मोठ्या प्रवासानंतर टॉर्च लावून पाहा. तशी रेघ दिसली तर बॅगा ५ पीएसआयवर आणा, ट्रेलर सोडा, हौदा रिकामा करा आणि चासीचं काम करणाऱ्याकडून माप घेतल्याशिवाय पुन्हा भार टाकू नका.